खेमा, दमा आणि आमचे साडू

आमच्या साडूंना आजवर एकही माणूस भेटलेला नाही. त्यांना भेटतात ती फक्त आडनावं. माणूस त्या आडनावाच्या मागून येतो, नमस्कार करतो, चहा पितो, क्वचित दुखण्याखुपण्याचंही सांगतो, पण साडूंचं लक्ष तिकडे नसतं. केजच्या बसस्टँडवर एकदा मी माझ्या एका जुन्या मित्राशी त्यांची ओळख करून दिली. मित्राची आई दवाखान्यात होती आणि तो बिचारा जेवणाचा डबा घेऊन घाईने निघाला होता. पण आडनाव कानावर पडताच साडूंनी त्याचा डब्याचा हातच धरला. "डोईफोडे! म्हंजी लढाईत पयल्या फळीत हुतात तुमी!" असं म्हणून त्यांनी देवगिरीच्या यादवांपासून जी सुरुवात केली, ती मित्राच्या आजोबांपर्यंत येईस्तोवर डब्यातली भाजी गार झाली. मित्र नंतर मला म्हणाला, "तुझे साडू लई भारी मानूस हाय बे, पन त्यांना येवढं सांग, माझी माय आज आजारी हाय, यादवांच्या काळात न्हाई." मी हा निरोप साडूंना पोचवला. ते म्हणाले, "आईकडचं आडनाव काय हाय त्याच्या?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो आणि साडूंना सगळं गाव गुरुजी म्हणतं, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. नोकरीच्या काळात ते इतिहास शिकवत, असं शाळेच्या कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात ते हजेरी घेत. "पोटभरे!" "हजर." "हजर तर हायस, पन पोटभरे कावून?" इथून तास सुरू व्हायचा. पोराने घरी जाऊन विचारलं असेल तर ठीक, नाहीतर गुरुजी स्वतःच सांगायला बसत. यादीच्या मध्यावर कुठेतरी घंटा वाजायची, आणि त्यामुळे आडनाव यादीत खाली असलेली पोरं वर्षभर शाळेत येऊनसुद्धा गैरहजर लागायची. एकदा तपासणीला साहेब आले. वर्गात शिरताच गुरुजींनी त्यांना आडनाव विचारलं आणि साहेब खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. जाताना त्यांनी 'इतिहास जिवंतपणे शिकवला जातो' असा शेरा लिहिला आणि गुरुजींचा पत्ता मागून घेतला. त्या वर्गाला पानिपत शेवटपर्यंत कळलं नाही. पण आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्याचा पूर्वज कोण होता, हे आजही त्यातला एकेक जण झोपेतून उठवला तरी सांगेल.

रविवार आला की गुरुजी खांद्याला पिशवी अडकवून निघत. कुठल्या शेताच्या बांधावर वीरगळ पडलेला आहे, कुठल्या बारवेच्या पायरीवर अक्षरं आहेत, कुठल्या गढीच्या आढ्याला जुन्या कागदांचा बस्ता टांगलेला आहे, याची त्यांना पंचक्रोशीतली खडान्‌खडा माहिती. पिशवीत एक पाण्याची बाटली, एक मऊ ब्रश आणि आक्काच्या नकळत घेतलेलं ज्वारीचं पीठ. झिजलेल्या शिलालेखावर पीठ चोळलं की खोल गेलेली अक्षरं पांढरी उठून दिसतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली कोण जाणे, पण त्यामुळे आक्काच्या डब्यातलं पीठ दर रविवारी कमी होई. "माझ्या भाकरी दगडं खात्यात," असं ती शेजारणींना सांगायची. एकदा एका पडक्या देवळापाशी त्यांनी असंच पीठ चोळून ठेवलं आणि चष्मा पुसायला खाली मान घातली, तेवढ्यात एका शेळीने येऊन दान देणाऱ्याचं अर्धं नाव चाटून टाकलं. शेळी पुढे आणि आमचे गुरुजी मागे, अशी ती वरात गावातल्या पारापर्यंत गेली. नाव पुन्हा पीठ लावून वाचता आलं असतं, हे त्यांच्या पारावर पोचल्यावर लक्षात आलं. पण मग ती शेळी कुणाची, त्यांचं आडनाव काय, यात दुपार गेली.

त्यांना आडनावांइतकीच जुनी माणसांची नावंही प्रिय. सटवा, म्हाळू, खेमा, दमा, चिंधा, उकिरडा. कुणाकडे बारसं असलं की गुरुजी पाळण्याशी वाकून ही नावं सुचवत आणि बाळाची आत्या पाळण्यावर पदर ओढून घेई. मी एकदा हसलो तर मला म्हणाले, "आगलावे, हसू नका. पोरं जगत नव्हती तवा. देवाची नजर पडू नये म्हनून माय आपल्या सोन्यासारख्या लेकराला उकिरडा म्हनायची. लई भ्यालेल्या बाईनं ठिवलेलं नाव हाय ते."  गुरुजींच्या स्वतःच्या घरात पाळणा कधी हलला नाही. त्यांनी आणि आक्काने जी काय हौस करायची ती आमच्या धाकट्या लेकीवर केली. ती चालायला त्यांच्या ओसरीवर शिकली, मोडी अक्षरं गिरवायला त्यांच्या मांडीवर, आणि इतिहासात कमी मार्क पडले तरी चालतात हेही तिथेच.

जुन्या कागदांत मोडी मजकुराच्या डोक्यावर पुष्कळदा फारसी असते. गुरुजींना फारसी येत नाही. म्हणून त्यांनी बसस्टँडबाहेर केळी विकणाऱ्या एका चाचांना गाठलं. चाचांना लहानपणी शिकलेलं उर्दू वाचता येई, त्यामुळे फारसी अक्षरं ते घडाघडा वाचत, पण अर्थ त्यांनाही कळत नसे. गुरुजींना अर्थ नको होता, नावं हवी होती. तर हे दोघं हातगाडीच्या दोन बाजूंना उभे राहून कागद वाचत, आणि मध्येच गिऱ्हाईक आलं की निजामशाही बाजूला ठेवून केळी मोजली जात. फुकट वाचून घेणं गुरुजींच्या तत्त्वात बसेना, म्हणून प्रत्येक कागदामागे ते केळी विकत घेत. आक्काने त्या काळात इतकं शिकरण केलं की पुढे कित्येक दिवस आमच्याकडे केळं दिसलं की मुलं पळून जात. चाचा गुरुजींना एकदा म्हणाले, "गुरजी, मेरे बाप का नाम पूछे नई कभी, और ये चारसौ साल के मुर्दों के पीछे लगे!" गुरुजींनी तिथल्या तिथे विचारलं. दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरी जाऊन आजोबा-पणजोबांपर्यंतची नावं ऐकून आले आणि येताना आक्कासाठी शीरखुर्मा घेऊन आले. केळ्यांनंतर त्या घरातून काहीतरी वेगळं आलं म्हणून आक्का खूश झाली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पान उलटल्याबिगर बोलू नये." कागदाची एक बाजू वाचून जो निकाल देतो तो त्यांच्या लेखी माणसातून उठला. कोणी काही छातीठोक सांगायला लागला की गुरुजी शांतपणे विचारत, "पान उलटलंतं का?" आमच्या घरात हे वाक्य इतकं मुरलं की भाजीत मीठ कमी आहे असं मी म्हटलं, तरी बायको म्हणायची, "पान उलटा, खाली लोनचं हाय."

या बाबतीत ते किती कडक, हे सगळ्या तालुक्याने एकदा बघितलं. इकडच्या एका पुढाऱ्याच्या मनात आलं की आपल्या वाढदिवसाला आपल्या घराण्याचा इतिहास छापावा. घराणं सरदाराचं निघेल याबद्दल त्यांना शंका नव्हती. काम गुरुजींकडे आलं. गुरुजी महिना दोन महिने फिरले आणि खरोखरच त्या घराण्याचा जुन्यात जुना उल्लेख शोधून आले. त्यात पुढाऱ्यांचे मूळ पुरुष देवळाच्या उभ्या पिकात म्हशी सोडल्याबद्दल दंड भरत होते. पुढाऱ्यांची माणसं घरी आली. आर्जवं झाली, मग आवाज चढले, मग पुन्हा आर्जवं झाली. "गुरजी, म्हशीच्या जागी घोडं लिव्हा की. घोडं सोडलं म्हना पिकात. सरदारावानी तरी दिसल." गुरुजी म्हणाले, "कागदात म्हैस हाय. मी घोडं कुठून आनू?" आणि वाढदिवसाच्या स्टेजवर, हार-तुऱ्यांच्या मध्ये उभं राहून, त्यांनी म्हैस वाचली. माईक बंद पडला, की पाडला, ते कळलं नाही. आणलेली शाल परत डब्यात गेली. आक्काला त्या शालीची हळहळ अजून आहे, कारण रंग तिच्या आवडीचा होता.

एवढं करून स्वतःच्या आडनावाचा मात्र गुरुजींना पत्ता लागला नव्हता. दगड, ताम्रपट, महजर, सगळीकडे शोधून झालं, पण ते आडनाव कुठेच नाही. आक्का म्हणायची, "घरी टिकलं असतं तर सापडलं असतं." गुरुजी यावर हसत, पण ती गोष्ट त्यांना लागत असे, हे मला माहीत आहे. म्हणूनच की काय, माझ्या आडनावावर त्यांचा फार जीव. आम्ही आगलावे. त्यांच्या सबंध आयुष्यात आडनावाच्या उगमाचा लेखी, साक्षीदारांसकट पुरावा मिळाला तो एका आमच्याच आडनावाचा. सिरसाळ्याच्या एका घरात आढ्याला टांगलेल्या बस्त्यात त्यांना अहमदनगरच्या निजामशाहीतला एक महजर सापडला. महजर म्हणजे गावच्या पंचांनी भांडणाचा निवाडा करून लिहून ठेवलेला कागद. त्यात खेमा आणि दमा या दोन सख्ख्या भावांचं वाटणीवरून भांडण झालं आणि रागाच्या भरात खेमाने सामाईक कडब्याच्या गंजीला आग लावली. तोच आमचा मूळ पुरुष. या कागदाची प्रत गुरुजींनी काच लावून आम्हाला वास्तुशांतीला भेट दिली. ती माझ्या बैठकीच्या खोलीत टांगलेली आहे आणि पाहुणे तिला लग्नपत्रिका समजतात. "एकच पान हाय," गुरुजी प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगत, "आन मागची बाजू कोरी. म्हंजी गोष्ट पुरी हाय. कुठं तुटली न्हाई, फाटली न्हाई. असा कागद नशिबानं घावतो." पाहुणे आग लागेपर्यंत ऐकत, हसत आणि ताटावर जात. दमाचं पुढे काय झालं हे गुरुजी सांगत असतीलही, पण तोवर वाढप सुरू झालेलं असे. मीही ते कधी नीट ऐकलं नव्हतं.

लेकीचं लग्न ठरायला आलं तेव्हाची गोष्ट. मुलगा तलवाड्याचा, तिच्याच बरोबर अंबाजोगाईला शिकलेला. दोघांचं मनातून आधीच ठरलेलं होतं आणि आम्हा मोठ्यांना आपण ठरवतोय असं वाटू देण्याइतकी दोघं शहाणी होती. देवक एक नाही हे बघून झालं, पत्रिका जुळली, दोन्हीकडच्या बायका एकमेकींना फोनवर भाजीच्या पाककृती विचारू लागल्या. फक्त एक खबरदारी माझ्या बायकोने घेतली. "दाजींना मुलाकडचं आडनाव सांगू नका. एकदा कळलं की तलवाड्याला जाऊन हजेरी घेत बसतील. सुपारी फुटू द्या, मग सांगू." गुरुजी विचारून विचारून थकले. आम्ही म्हणायचो, मुलगा चांगला आहे. ते म्हणायचे, "चांगला असंल हो, पन कोन हाय?"

सुपारी फोडायचा कार्यक्रम आमच्याच घरी झाला. मुलाकडची मंडळी जीपमधून उतरली. मुलाचे आजोबा पुढे, पांढरा फेटा, हातात काठी, त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कोणाचा शब्द जात नाही. पानसुपारीचं तबक मध्ये आलं आणि आमच्या गुरुजींनी न राहवून आजोबांनाच विचारलं, "आपलं आडनाव?"

"काटवटे," आजोबा म्हणाले.

गुरुजी उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत असे उभे राहिलेले पाहिले नव्हते. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले, चेहरा दिवाळीसारखा. त्यांनी भिंतीवरची काच काढून छातीशी धरली आणि सांगायला सुरुवात केली. खेमाने आग लावली, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण त्या आगीनंतर दमाने वाटणीतलं काही नको म्हणून सांगितलं, फक्त आईची भाकरीचं पीठ मळायची लाकडी काटवट डोक्यावर घेतली आणि गाव सोडून गोदावरीकडे निघून गेला. पंचांनी तसं लिहून ठेवलं. त्या दमाचं घर ते काटवटे. "आवो, चारशे वर्सांनी दोन भाऊ भेटले!" गुरुजींनी काच आजोबांपुढे धरली. "खेमा आन दमा! एका मायचे लेकरं! आज एका तबकात सुपारी!"

आमच्या गुरुजींना एवढंच दिसत होतं. भांडून गेलेला भाऊ परत आला होता आणि ते त्याच्या स्वागताला उभे होते. बाकीच्या सगळ्या खोलीला जे दिसत होतं, ते त्यांना आजोबांनी तबक हाताने दूर सारलं तेव्हाही कळलं नाही.

"गुरजी," आजोबा म्हणाले, "देवक येगळं हाय, समदं जुळतंय. पन तुमच्या कागदाच्या हिशोबानं आमी भाऊबंद झालो. भावाच्या घरची लेक सून म्हनून कशी न्यायची? लेक म्हनून न्यायची का?"

आता कुठे गुरुजींच्या चेहऱ्यावरची दिवाळी विझली. मुलाचे वडील म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टीला काय अर्थ आहे. मुलगा म्हणाला, आजोबा, अहो. पण आजोबा ऐकेनात. आयुष्यभर त्यांनी गावच्या सोयरिकी जुळवल्या होत्या, भावकीत सोयरीक करणाऱ्यांना त्यांनी स्वतः नावं ठेवली होती. आता पंचांचा लेखी कागद काचेत घालून समोर धरलेला, तो न पाहिल्यासारखा कसा करणार? मंडळी चहा न घेता जीपमध्ये बसली. लेक आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आक्का गुरुजींकडे बघून एकच वाक्य बोलली, "घोडं तरी आनायचं हुतं हो आज." तिला या वेळी शालीची नाही, पोरीची हळहळ होती.

मी गुरुजींवर रागावलो होतो, हे सांगायला मला लाज नाही. बाप होतो. पुढचे काही दिवस ते आमच्याकडे आलेच नाहीत. मग एका सकाळी ते सिरसाळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसताना चाचांना दिसले, आणि संध्याकाळी थेट आमच्या दारात आले. पिशवीत ब्रश नव्हता, पीठ नव्हतं. लेकीकडे न बघता मला म्हणाले, "आगलावे, उद्या तलवाड्याला जायाचं."

तलवाड्याला आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी पाणी मागवलं. गुरुजी समोर खाली बसले. नेहमी आडनावावर बोलताना त्यांचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जातो. त्या दिवशी मला शेजारी बसून कान द्यावा लागला.

"बाबा, माझी चूक झाली," गुरुजी म्हणाले. "मी सिरसाळ्याला जाऊन आलो. त्या कागदाला दुसरं पान हाय. मी उलटलंच नव्हतं."

आजोबा सावरून बसले. "काय लिव्हलंय त्याच्यात?"

"दमा काटवट घेऊन गेला, हे खरं. पन तो पुढं..." गुरुजी थांबले, मग म्हणाले, "दमा निपुत्रिक गेला. त्याच्यामागं कुनी न्हाई. तुमचे काटवटे दुसरे. काटवटी घडवनाऱ्या सुताराच्या शेजारी ऱ्हायले असतील, न्हाईतर आनखी काही. आपला काही संबंध न्हाई."

निपुत्रिक हा शब्द त्यांनी इतका हळू उच्चारला की मला त्यांच्याकडे बघवलं नाही. आणि बघवलं नाही याचं दुसरंही कारण होतं. त्या कागदाला दुसरं पान नव्हतं. मागची बाजू कोरी होती. हे मला गुरुजींनीच शंभरदा सांगितलेलं होतं, माझ्याच बैठकीत, माझ्याच पाहुण्यांसमोर.

आजोबांनी गुरुजींकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मला वाटतं, म्हाताऱ्याच्या ध्यानात सगळं आलं असावं. त्या अंगणात तोही नातवाचं उतरलेलं तोंड रोज बघतच होता. तो म्हणाला, "येवढे मोठे गुरजी तुमी, आन पान न उलटता बोलता? लोकांच्या लेकीबाळीचा संसार असतो त्याच्यात."

"खरं हाय," गुरुजी म्हणाले.

"चारचौघात सांगाल?"

"सांगंन."

आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या खेपेला अखेर सुपारी फुटली तेव्हा, दोन्हीकडच्या भावकीसमोर उभं राहून, आपण पान न उलटता बोललो हे त्यांनी जोरात सांगितलं. म्हशीसाठी ज्यांनी शाल सोडली होती, त्या गुरुजींनी त्या दिवशी घोडं आणलं. ही बातमी तालुक्यात पोचायला वेळ लागला नाही. पुढाऱ्यांच्या माणसांनी तर मोबाइलवर फिरवली. बाजारात जुने विद्यार्थी दिसले की हसून विचारत, "गुरजी, पान उलटलंतं का?" गुरुजी पिशवी सावरत पुढे जात.

पण हे नंतरचं. त्या दिवशी तलवाड्याहून परतताना आम्ही जीपच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलो होतो.  मी हळूच विचारलं, "गुरुजी, दुसरं पान नाहीच ना?"

"न्हाई."

"मग सिरसाळ्याला कशाला गेला होतात?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. कापसाची शेतं मागे पडत होती. "कागदाची माफी मागाया गेलतो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, जणू मी काही विचारलं असावं तसं, "खेमा-दमा काय म्हनायचं ते म्हनतील. मेलेत ते. पोरगी जित्ती हाय."

मी त्यांचा हात हातात घेतला. सव्वीस वर्षांच्या साडूपणात असं मी पहिल्यांदाच केलं, आणि जीपमधल्या इतर उतारूंना ते थोडं विचित्र वाटलं असावं.

लग्न थाटात झालं. गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते आणि मांडवात इतकी आडनावं येत-जात असूनही त्यांनी एकाचाही हात धरला नाही. वाढपी पोराने येऊन आपणहून आडनाव सांगितलं, तरी ते "चांगलं हाय" एवढंच म्हणाले आणि ताटात जिलबी घेतली. भेटवस्तू देण्याची वेळ आली तेव्हा लोक मिक्सर, कुकर, भिंतीवरची घड्याळं देत होते. गुरुजी आणि आक्का पुढे आले. गुरुजींच्या डोक्यावर, सगळ्या मांडवाच्या देखत, एक नवी कोरी लाकडी काटवट होती. खास सांगून घडवून घेतलेली. तिच्या काठाशी काही अक्षरं कोरलेली नव्हती, काही नाव नव्हतं. त्यांनी ती लेकीच्या हातात दिली आणि खाली उतरले. लोक हसले. इतकं सगळं होऊन म्हातारा काटवट देतोय, म्हणाले. मुलाचे आजोबा हसले नाहीत. त्यांनी उठून गुरुजींना बाजूला बसवून घेतलं.

आता गुरुजी फारसे कुठे जात नाहीत. आक्काच्या डब्यातलं पीठ रविवारी पुरतं आणि तिला ते आवडत नाही. मध्ये ती मला म्हणाली, "जरा विचारा की त्यांना काही तरी. घरात मानूस हाय असं वाटंना." म्हणून मी गेलो. माझ्यासोबत माझ्या दुकानात कामाला लागलेला एक नवा माणूस होता, मुद्दाम नेलेला, आडनाव असं की पूर्वी गुरुजी त्याच्यावर दोन दिवस बोलले असते. गुरुजींनी आडनाव ऐकलं, त्यांचे डोळे क्षणभर चमकले, हात पुढे आला, आणि मग त्यांनी तोच हात चहाच्या कपाकडे वळवला. "चांगलं हाय," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीला आम्ही सगळे इतकी वर्षं कंटाळलो होतो, ती ऐकायला मिळावी म्हणून मी आज त्यांच्या दारात उभा होतो.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे तलवाड्याला गेलो होतो, गुरुजी आणि आक्काही. लेक त्याच काटवटीत ज्वारीचं पीठ मळत होती. काठ आता हाताने घासून गुळगुळीत झालेत. चुलीपाशी बसून गुरुजी बघत होते. मी मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गुरुजी, आमचं आडनाव आगलावे कावून पडलं हो?"

गुरुजी हसले. "कुनाला ठावं," ते म्हणाले. "पान उलटायला पायजे."

आजोबा बाजेवरून म्हणाले, "सांगा हो गुरजी. भिऊ नका. आता सोयरीक झालीया, परत काय मोडती?"

गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. लेकीने काटवटीतली पिठाची चिमूट उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू, घसा खाकरून म्हणाले, "दोन भाऊ हुते. खेमा आन दमा."

भाकरी तव्यावर पडली होती, ताटं मांडून झाली होती, पण कोणीही उठलं नाही.